पाटाच्या काठाने : लाउडनच्या खोऱ्यातल्या कामाच्या नोंदी

६ फेब्रुवारी २०२४

आज पहिली फेरी झाली. व्हर्जिनियात लाउडन काउंटीच्या पश्चिमेला, ओढ्याकाठचं हे खोरं. जुनी शेतं, दगडी घरं, उतारात रोवलेली कोठारं, एक धड उभी पाणचक्की आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरीचं नुसतं जोतं. हे सगळं मिळून अमेरिकेच्या 'नॅशनल रजिस्टर'मध्ये, म्हणजे ऐतिहासिक ठिकाणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, ग्रामीण ऐतिहासिक परिसर म्हणून दाखल करायचं आहे. माझ्याकडे मोजमाप, नकाशा आणि हद्दीचं टिपण. मालकांची आणि शेतांची नावं या वहीत लिहायची नाहीत असं ठरवलंय; ती अर्जात येतील तेवढी पुरेत.

प्रकल्पाच्या प्रमुखांनी पूर्वीच्या एका कच्च्या आराखड्याची प्रत दिली. त्यात हद्दीची रेघ चक्की, चौरस्ता आणि चार मोठी घरं यांच्याभोवती आवळून काढली आहे. शेतं बाहेर, ओढ्याचा वरचा भाग बाहेर, टेकडीही बाहेर. ही रेघ मला पटली नाही, पण पहिल्याच दिवशी काही बोलले नाही. आधी सगळं पायाखाली घालायचं. झाडांना पानं नाहीत, गवत बसलेलं आहे, त्यामुळे जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा दिसतो. एप्रिलपर्यंतच ही सोय.

९ फेब्रुवारी

चक्कीची मोजमापं. तीन मजले, खाली दगड, वरच्या मजल्यावर फळ्या. आतलं यंत्र बरंच गेलंय, पण धान्य वर चढवणाऱ्या पट्ट्याची लाकडी नळी दोन मजल्यांतून अजून जाते. ऑलिव्हर इव्हान्सने १७९० मध्ये याच रचनेचं पेटंट घेतलं होतं. बादल्यांचा पट्टा धान्य वर नेतो, मळसूत्र ते आडवं सरकवतं आणि वर फिरता दांडा पीठ पसरून थंड करतो. पाठीवर पोती वाहायची गरजच उरली नाही. पट्ट्याच्या नळीला हात लावून पाहिला. आतून लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय, धान्य घासून घासून.

दाराच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, साल कोरलेला दगड आहे. पहिले दोन आकडे स्पष्ट आहेत, '१७'; पुढचे झिजलेत. टिपणात लिहिलं : चक्की अठराव्या शतकाच्या शेवटची.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस पाटाचा. चक्कीच्या मागून, पाणी पडायच्या जागेपासून उलटी चालत निघाले. पाट कोरडा आहे. तळाशी पानं कुजलीत, काठावर सायकमोरची झाडं वाढलीत. पण एका बाजूला टेकडीचा उतार आणि दुसऱ्या बाजूला मातीचा बांध, ही घडण कुठेही तुटत नाही. ओढा आपल्या वळणांनी खाली खाली जातो आणि पाट टेकडीच्या कडेने जवळजवळ सपाट चालत राहतो. पातळीयंत्र लावून पाहिलं तर शंभर फुटांमागे उतार जेमतेम दीड इंच. हे ज्यांनी खोदलं त्यांच्या हातात कुदळ, फावडं आणि पाण्याची साधी पातळी, एवढंच असणार.

इतकी खटपट कशासाठी, हे चाकाच्या खड्ड्यापाशी कळतं. ओढ्यातच चाक बुडवून ठेवलं तर पाण्याचा नुसता धक्का मिळतो. पाणी वरून चाकाच्या कप्प्यांत सोडलं तर त्याचं वजन कामाला येतं. जॉन स्मीटनने १७५९ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देतं. पण त्यासाठी पाणी उंचावर हवं. म्हणजे ओढा दूरवर वरच अडवायचा आणि ती उंची न गमावता पाणी चक्कीपर्यंत आणायचं. चक्कीची ताकद चाकात नाही, त्या दीड इंचात आहे.

कच्च्या आराखड्याची हद्द पाटाला चक्कीपासून दोनशे फुटांवर तोडते. मी त्याच्या पुढे अर्ध्या मैलाहून जास्त चालले, मग तारेचं कुंपण आलं. पलीकडची जमीन दुसऱ्या मालकाची, तिथे जायची परवानगी आपल्याकडे नाही. पाट मात्र कुंपणाखालून पुढे जातो.

१५ फेब्रुवारी

पाऊस. दिवसभर यार्डली टेलरचा १८५३ चा नकाशा पडद्यावर. हा टेलर याच काउंटीतला क्वेकर, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचा, सर्वेक्षक आणि गुलामगिरीचा उघड विरोधक. नकाशात त्याने चक्क्या, दुकानं, शाळा, प्रार्थनाघरं आणि घराघरावर मालकाचं नाव घातलंय. आपल्या ओढ्यावर दोन चक्क्या दिसतात. वरचं जोतं तेच हे, शंका नाही.

टेलरचा नकाशा आजच्या नकाशावर बसवला. रस्ते जवळजवळ तंतोतंत जुळले. कच्चे रस्ते आजही तिथेच वळतात जिथे १८५३ मध्ये वळत होते, आणि बहुतेक रस्ते शेतातून निघून चक्कीपाशी किंवा प्रार्थनाघरापाशी जातात. मग रस्तेही नोंदीत हवेत, नुसती पार्श्वभूमी म्हणून नव्हे.

२० फेब्रुवारी

लीसबर्गच्या न्यायालयातला जुना दप्तरखाना. लाउडन काउंटी १७५७ मध्ये झाली आणि तेव्हापासूनचं दप्तर शाबूत आहे. व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांची कागदपत्रं उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धात (१८६१-६५) जळाली. इथला क्लार्क जॉर्ज के. फॉक्स यांनी १८६२ मध्ये सगळी दप्तरं गाड्यांवर घालून दक्षिणेकडे नेली आणि युद्ध संपल्यावर परत आणली. आज मी जी पानं उलटत होते ती त्यामुळेच उलटता येत होती. हे लिहून ठेवावंसं वाटलं.

चक्की बांधायची तर काउंटीच्या न्यायालयाची परवानगी लागे. एका काठाची जमीन आपली आणि समोरचा काठ दुसऱ्याचा असेल तर अर्ज करायचा. मग शेरीफ बारा जमीनधारकांना जागेवर नेई. बांधाच्या टोकासाठी लागणाऱ्या एक एकराची किंमत ते ठरवत आणि पाणी तुंबून कुणाचं घर, बाग, फळबाग बुडेल का, मासे वर जायची वाट अडेल का, शेजाऱ्यांच्या तब्येतीला धोका होईल का, हे पाहून लिहून देत. सार्वजनिक काम म्हणूनच चक्कीकडे पाहिलं जाई. म्हणून दळणाचा मोबदलाही मालकाच्या मर्जीवर नव्हता. कायद्याने धान्यातला वाटा ठरवलेला, गव्हाचा आठवा हिस्सा.

आपल्या ओढ्याचा एक अर्ज सापडला. तो वरच्या चक्कीचा आहे. खालच्या, उभ्या असलेल्या चक्कीचा कागद अजून मिळालेला नाही.

२७ फेब्रुवारी

माझी चूक आज दगडांनीच दाखवून दिली.

सकाळी खालच्या कोठाराला गेले होते. पेनसिल्व्हेनियातून आलेल्या लोकांची घडण : कोठार उतारात रोवलेलं, टेकडीच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते, खाली गुरं, आणि वरचा मजला गोठ्याच्या दारांवर चार-पाच फूट सज्जासारखा पुढे आलेला. वर चारा आणि मळणीची जमीन, तिथूनच चारा खाली टाकायचा. खालच्या भिंतीत आतल्या बाजूचे दगड गुलाबी-लाल पडलेत, काहींचे पापुद्रे सुटलेत. लोहयुक्त दगड आगीत तापला की असा होतो. ती लाली छातीच्या उंचीपर्यंत आहे, त्यावर एकाएकी स्वच्छ राखाडी दगड. म्हणजे कोठार जळलं आणि जुन्या भिंतीवरच पुन्हा उभं केलं.

२८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १८६४. उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या फौजेतल्या शेरिडनच्या हुकुमावरून जनरल मेरिटचं घोडदळ या खोऱ्यांतून फिरलं. दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या मॉस्बीच्या गनिमी तुकड्यांना दाणा-वैरण मिळू नये म्हणून कोठारं, चक्क्या, गंज्या जाळायच्या आणि जनावरं हाकून न्यायची. राहती घरं मात्र सोडायची, असा हुकूम होता. इथले क्वेकर बहुतांशी संघराज्याच्याच बाजूचे. त्यांचीही कोठारं जळाली.

मग एकदम सुचलं म्हणून चक्कीत परत गेले आणि बॅटरी तिरकी धरून तुळया पाहिल्या. पाण्यावर चालणारी जुनी उभी करवत लाकडावर सरळ, समांतर रेघा सोडते. नंतर आलेली गोल करवत कमानी सोडते. खालच्या मजल्याच्या दोन तुळया सोडल्या तर सगळीकडे कमानी. खिळे यंत्राने कापलेले. आणि चाकाच्या खड्ड्याच्या भिंतीत तीच लाली.

चक्की अठराव्या शतकाच्या शेवटची नाही. ती जळून गेलेल्या जुन्या चक्कीच्या पायावर युद्धानंतर उभी राहिलेली आहे, आणि साल कोरलेला दगड जुन्या भिंतीतून काढून दाराशी मुद्दाम बसवलाय. मी नऊ तारखेला भिंत वाचायच्या आधी अक्षरं वाचली. प्रमुखांना दुरुस्तीचं टिपण पाठवलं. चक्कीचं मोल यात कमी होत नाही. सगळं गमावल्यावर ज्यांनी आधी पाट साफ केला आणि मग भिंत उचलली, त्यांची ही इमारत आहे.

१४ मार्च

डॅफोडिल्स फुललीत. सर्वेक्षणात ही फार कामाची फुलं. घर पडतं, लाकूड कुजतं, पण दाराशी लावलेले कंद दरवर्षी उगवत राहतात. आज रानात अशा तीन ओळी सापडल्या. दोन ठिकाणी चुलीच्या दगडांचा ढीग, एका ठिकाणी विहिरीचं तोंड. कुळांची किंवा मजुरांची घरं असावीत. तिन्ही कच्च्या हद्दीच्या बाहेर.

टेकडीवरच्या वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिकेशी बोलणं झालं. युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी लहान लहान तुकडे विकत घेऊन वसवलेल्या वस्त्या या काउंटीत बऱ्याच आहेत. विलिसव्हिल आणि सेंट लुई त्यांतल्याच. ही वस्तीही तशी. आज चारच घरं राहती आहेत. बाईंनी चहा दिला, मग मला दाराशी उभं करून खाली बोट दाखवलं. "चक्की दिसते ना? माझे पणजोबा तिथे पोती भरायचे. कोठाराची भिंतही त्यांनी आणि त्यांच्या भावांनी चढवली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर कुठे आहे का, ते तुम्ही बघा."

लाल दगडांवरचे राखाडी दगड. त्या दिवशी मी ते कुणी रचले असतील हा प्रश्नच मनात आणला नव्हता.

२ एप्रिल

जनगणनेचे कागद. १८५० ते १८८० च्या शेतीच्या तक्त्यांत प्रत्येक शेताचे लागवडीखालचे एकर, गुरं, गहू, मका, लोणी, सगळं आहे. वर्षाला ५०० डॉलरहून जास्त माल काढणाऱ्या चक्क्या उद्योगांच्या तक्त्यात सापडतात, दगडांच्या जोड्यांसकट. गव्हाचे आकडे पाहताना जॉन बिन्स आठवतो. याच काउंटीतला शेतकरी. १८०३ मध्ये त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक छापलं : खोल नांगरट, क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक आणि जिप्समची भुकटी. तंबाखूने खंगलेल्या जमिनी त्याने सावरल्या. जिप्समचे खडक दळायलाही चक्कीच लागे. शेत चक्कीला धान्य देई आणि चक्की शेताला खत.

याच जनगणनेचा दुसरा तक्ता उघडला की हात थांबतो. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यात मालकाचं नाव आहे, खाली फक्त वय, लिंग, रंग. क्वेकरांनी गुलाम ठेवणं सोडलं होतं, पण खोऱ्यातले सगळे शेतकरी क्वेकर नव्हते. इथल्या बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. बाईंच्या पणजोबांचं नाव तिथे सापडलं. धंद्याच्या रकान्यात लिहिलंय : चक्कीत काम. भावाच्या पुढे : दगडकाम.

बाईंना फोन केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पानाची छापील प्रत आणाल का?"

२० एप्रिल

शनिवार. ऑल्डी मिलमध्ये गेले, चालू चक्की पाहायला. १८०७ ते १८०९ दरम्यान चार्ल्स फेंटन मर्सरने बांधलेली. एकामागे एक लावलेली दोन लोखंडी चाकं. आपल्या चक्कीत दगड नुसते भिंतीला टेकून आहेत. फिरताना ते काय करतात हे कळल्याशिवाय त्यांचं वर्णन लिहायचं नव्हतं.

उत्तम पिठाचे दगड फ्रान्समधून येत, ला फेर्ते-सू-झुआरच्या खाणींतून. कठीण, सच्छिद्र गारगोटीचे तुकडे जिप्समने सांधून बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले. खालचा दगड स्थिर, वरचा फिरतो, आणि दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. कडेला कागदाएवढी फट. खाचा दोन्ही दगडांवर एकसारख्या कोरलेल्या असतात. वरचा उलटा पडला की त्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात. पीठ चिरडून होत नाही, कापून होतं. दगड बोथट झाले की उचलून उलटायचे आणि टाकी लावून खाचा पुन्हा कोरायच्या.

परत येऊन आपल्या दगडांच्या खाचा मोजल्या. एका दगडाला टाकी लावायचं काम अर्ध्यावर सुटलंय. निम्म्या खाचा धारदार, निम्म्या झिजलेल्या. १८८० नंतर पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, मिनियापोलिसचं पांढरं पीठ स्वस्त पडू लागलं आणि अशा चक्क्या हळूहळू गुरांच्या भरड्यावर आल्या. या दगडाची पाळी कधी थांबली ते ठाऊक नाही. अर्जासाठी काढलेल्या छायाचित्रांत हे सगळ्यात चांगलं आहे.

९ मे

मालकांची सभा. चाळीसेक लोक आले. भीती एकच, पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दांत : नोंद झाली की सरकार आमच्या कोठाराला रंग कोणता द्यायचा तेही सांगेल. तसं नाही. खासगी मालक स्वतःच्या पैशाने स्वतःच्या जागेत जे करेल त्यावर या नोंदीने बंधन येत नाही. पाडायचं म्हटलं तर पाडूही शकतो. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना असलेलं काम आलं, तर १९६६ च्या कायद्याप्रमाणे परिसरावरचा परिणाम तपासावा लागतो. पूर्वेकडे डेटा सेंटर वाढतायत, उच्च दाबाच्या वाहिन्यांच्या चर्चा आहेत, त्यामुळे हे शेवटचं वाक्य लोकांनी नीट ऐकलं. निम्म्याहून जास्त खासगी मालकांनी नोटरी केलेली हरकत दिली तर नोंद होतच नाही, हेही सांगितलं. लपवायचं काहीच नाही.

कुंपणापलीकडचे मालक मागे उभे होते. काही बोलले नाहीत, पण सभा संपेपर्यंत थांबले.

२८ मे

आज प्रमुखांशी वाद झाला. त्यांच्या मसुद्यात 'महत्त्वाचा काळ', म्हणजे ज्या काळातल्या वास्तू नोंदीत मोलाच्या धरायच्या तो, १९०० ला संपतो. तसं झालं तर काँक्रीटच्या पट्ट्यांचे सायलो, म्हणजे चारा साठवायचे उंच गोल मनोरे, सिमेंटच्या विटांच्या दूधशाळा, सगळं 'महत्त्व नसलेलं' ठरतं. चक्क्या थांबल्या तेव्हा हे खोरं उजाड झालं नाही. ते दुधावर जगलं. गव्हाच्या शेतांचं कुरण झालं, मळणीच्या जमिनीवर गवताचे गठ्ठे आले, कोठाराच्या त्याच खालच्या मजल्यात दूध काढायला लागले. १९३७ ची हवाई छायाचित्रं पुढे ठेवली : शेतांचे बांध आजच्यासारखेच, आणि जवळजवळ प्रत्येक कोठाराशेजारी सायलोची गोल सावली. ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, "दगडी घर आजोबांना मिळालं, सायलो माझ्या वडिलांनी बांधला. मला विचाराल तर सायलो आमचा."

काळ १९६० पर्यंत वाढवायचं ठरलं. नोंदवहीच्या नियमात साधारण पन्नास वर्षांची अट आहे, त्यात हे सहज बसतं.

१९ जून

गवत कमरेपर्यंत, गोचिडी आणि पॉयझन आयव्ही. शेतातलं काम बंद. लेखन.

१८ सप्टेंबर

हद्दीचा नवा मसुदा. ओढ्याचं खोरं दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या माथ्यापर्यंत, दोन्ही चक्क्या, पाट पूर्ण, कच्चे रस्ते, कुळांच्या घरांच्या तीन जागा, टेकडीवरची वस्ती. क्षेत्र पहिल्या आराखड्याच्या कित्येक पट. प्रमुखांनी तीन वेळा वाचला आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या रेघेचं कारण एका वाक्यात सांग." मी म्हटलं, पाणी जिथून आलं, धान्य जिथून आलं आणि माणसं जिथून आली, तिथपर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं.

कुंपणापलीकडचे मालक नको म्हणाले तर काय, हा प्रश्न राहिला. मालकाला मान्य नाही म्हणून मधलाच तुकडा वगळून नकाशाला भोक पाडू नये, असं मार्गदर्शन आहे. पण न पाहिलेल्या जागेवरून रेघ काढायला माझा हात धजत नाही.

२४ ऑक्टोबर

फोन आला. "या, पण कुत्र्यांना सवय नाही, आधी हाक द्या."

मालक स्वतः बरोबर चालले. पाट कुंपणाखालून निघतो, त्यांच्या कुरणाच्या कडेने जातो, एके ठिकाणी गुरांनी तुडवून बुजलाय, पुढे पुन्हा दिसतो. आठशे फुटांवर ओढा पाटाला भेटायला वर येतो. तिथे, मेपलच्या मुळांत धरलेले, दोन उभे दगड. दोघांच्या आतल्या बाजूला समोरासमोर खोबणी. फळ्या सरकवायची जागा. फळी उचलली की पाणी पाटात, टाकली की ओढ्यात. बंधाऱ्याचं लाकूड वाहून गेलंय, पण पाणी उतरलं की तळाच्या तुळया चिखलात दिसतात.

"लहानपणी आम्ही यावर बसून मासे धरायचो," मालक म्हणाले. "कशाचे दगड आहेत कुणी सांगितलं नव्हतं."

पातळी घेतली. इथून चक्कीच्या चाकापर्यंत हिशेब जुळला. मालकांनी काठी धरली होती, आकडा त्यांनाच आधी सांगितला.

१२ नोव्हेंबर

हद्दीचं वर्णन पूर्ण. राज्याच्या वारसा खात्याकडे मसुदा पाठवला. परीक्षण मंडळ त्यांच्या वेळेने बसेल.

दुपारी बाईंकडे १८७० च्या पानाची छापील प्रत घेऊन गेले, मोठ्या आकारात. त्यांनी ती वाचली, मग कोट घातला आणि मला घराच्या मागे रानात नेलं. ओकची पानं गळालीत. जमिनीवर पेरिविंकलची हिरवी वेल पसरलेली, आणि त्यात पूर्व-पश्चिम लांबट खळगे, उशाशी शेतातलेच बिनअक्षरी दगड. मी अकरा मोजले. बाई म्हणाल्या, वेलीखाली अजून आहेत; त्यांची आई चोवीस सांगायची.

उद्या सकाळी आठला दोघी इथेच भेटणार. बाई फावडं नको म्हणाल्या, फक्त हाताने पानं बाजूला करायची. मी दोरी आणि छोटी निशाणं आणते.